एका आवाजाच्या दोन जीप

भूपाल मगदूमला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं ते आरोपी म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून.

"मगदूमसाहेब, एक आवाज ऐकवायचाय," उपनिरीक्षक तेजस्विनी भोई फोनवर अदबीने म्हणाल्या. "तुमच्याच हातचा असावा. दहा मिनिटांचं काम आहे. सही केलीत की मोकळे."

भूपालला त्यात काही नवल वाटलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचं सायलेन्सरचं दुकान होतं. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आता विजेच्या झाल्या होत्या आणि कुजबुजत जात-येत होत्या. पेट्रोलच्या उरल्या होत्या त्या हौशी लोकांकडे, नाहीतर चढणीच्या रस्त्यांवर माल वाहणाऱ्यांकडे. अशा प्रत्येक गाडीला दरवर्षी परवाना लागे, आणि परवान्यासोबत तिच्या आवाजाची नोंदही करावी लागे.

सुरुवात झाली होती ती कर्कश गाड्या पकडण्यापासून. सरकारने रस्त्याकडेच्या खांबांवर ध्वनियंत्रं बसवली. वर्षभर आवाज गोळा केल्यावर लक्षात आलं, की कुठल्याही दोन इंजिनांचा आवाज सारखा नसतो. इंजिनातला पेट्रोलचा प्रत्येक स्फोट सायलेन्सरच्या नळीत एक धक्का सोडतो. त्या धक्क्यांनी नळीतली हवा थरथरते आणि बासरीतल्या हवेसारखी आपल्या लांबी-रुंदीप्रमाणे काही सूर उचलून धरते, काही गिळून टाकते. एखाद्या झडपेची फट केसभर जास्त असते, एखाद्या सांध्याचं वेल्डिंग थोडं फुगलेलं असतं, आणि या सगळ्याचा त्या सुरात वाटा असतो. यंत्र त्यातल्या चाळीस खुणा मोजायचं. याला नाव पडलं ध्वनिठसा. नंबरप्लेट बदलता येते, धुक्यात कॅमेरा आंधळा होतो, पण गाडीला आपला आवाज लपवता येत नाही. गेली सहा वर्षं कोर्टं या ठशावर माणसांना शिक्षा देत होती.

भूपालसारख्या कारागिरांना त्यामुळे मान आला होता. गिऱ्हाईक सांगेल तसा आवाज तो नळीत उतरवायचा. कुणाला खर्ज हवा असे, कुणाला चढणीवर घुमणारा सूर, तर कुणाला नुसता बुलंद, गोल ठोका. परवाना देताना सरकारने या कारागिरांवर एकच अट घातली होती: दोन गाड्यांना एक आवाज द्यायचा नाही.

ठाण्यात भोईबाईंनी कागद पुढे ठेवले. नऊ दिवसांपूर्वी, सकाळी सहा वाजून नऊ मिनिटांनी, पेठवडगावच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात एका जीपने सायकलस्वाराला उडवलं होतं. रावसाहेब कोरे हा यंत्रमागावरचा कामगार रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. दोन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. धुक्यामुळे कॅमेऱ्यात काही आलं नव्हतं, पण साठ मीटरवरच्या खांबाने आवाज टिपला होता. चाळीसपैकी चाळीस खुणा जुळल्या त्या विलास सुतारच्या जीपशी.

विलासला भूपाल ओळखत होता. पस्तिशीचा हा माणूस पेठवडगावला रोपवाटिका चालवायचा, आणि जीपमधून शेतकऱ्यांच्या बांधावर रोपं पोचवायचा. ती जीप मूळची केदार शिंत्रेची. केदार अकस्मात गेल्यावर त्याच्या आईने ती विकली आणि विलासने घेतली. तिची नळी भूपालने केदारसाठी घडवली होती आणि आजवर केलेल्या सगळ्या कामांत त्याला ती उजवी वाटायची.

"ऐका," म्हणून भोईबाईंनी रेकॉर्डिंग लावलं.

लांबून जीप येत होती. भूपालला आधी आवडलं ते. स्वतःच्या हाताचं काम मोकळ्या हवेत इतकं भरीव ऐकू येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मग जीपने गिअर बदलला, आणि तो पुढे झुकून ऐकू लागला.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन फार वेळ ताणलं गेलं होतं. सूर वर वर चढत गेला, ओरडायच्या बेताला आला आणि तेव्हा कुठे तिसरा गिअर पडला. असं गाडी चालवणारं एकच माणूस त्याला माहीत होतं. "अहो, इंजिनाला श्वास घेऊ द्या," असं तो शेजारच्या सीटवर बसून त्यांना दहा वेळा म्हणाला होता.

मग धप्प असा आवाज झाला.

भोईबाईंचा फोन वाजला म्हणून त्या उठून दारात गेल्या, आणि रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं. जीप थांबली होती. इंजिन बंद झालं नव्हतं, जागच्या जागी शांतपणे ठोके देत होतं. नकळत भूपालने ते सेकंद मोजले. अकरा. मग पहिला गिअर पडला, आणि दुसऱ्यात ताणत ताणत जीप निघून गेली.

"तुमचीच नळी ना?" भोईबाई परत येऊन म्हणाल्या.

"हो, माझीच."

"मग इथे सही."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर आवाज विलास सुतार यांच्या वाहनास बसवलेल्या नळीचा आहे.' भूपालने ते वाक्य वाचलं आणि सही केली.

बाहेर पडताना कोठडीच्या गजांआडून हाक आली. "मगदूमकाका! अवो, तुम्ही तरी सांगा की ह्यास्नी. मी त्या टायमाला रोपांस्नी पाणी घालत हुतो. बायकोबिगर बघायला कोण न्हवतं, म्हणून कोण ऐकंना. तुमचा कान हाय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"बघतो," भूपाल म्हणाला, आणि मागे वळून न बघता चालू लागला.

*

प्रमिला शिंत्रे या भूपालच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. आठवीत त्याला सगळे ढ समजत. बाईंनी एकदा पाण्यात उभी धरलेली काचेची नळी वर्गात आणली, तिच्या तोंडाशी नादकाटा धरला आणि नळी हळूहळू वर घेतली. एका ठरावीक उंचीला नळी एकदम गाऊ लागली. "का गायली?" बाईंनी विचारलं. मागच्या बाकावरून भूपाल म्हणाला, "तिला तिचा सूर सापडला." वर्ग हसला, बाई मात्र हसल्या नाहीत. त्या वर्षापासून प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे असायची.

तीन वर्षांपूर्वी त्याच बाई दुकानात आल्या होत्या, सत्तरीला टेकलेल्या. एकुलता एक मुलगा जाऊन वर्ष झालं होतं.

"मी मूर्खपणा केला, भूपाल. पहिल्याच महिन्यात गाडी विकून टाकली. आता घरात काही ऐकू येत नाही रे. तो सुतार गाडी परत द्यायला तयार नाही, त्याचा धंदाच तिच्यावर आहे. मी तसलीच दुसरी जीप घेतलीय. तिला केदारच्या जीपचा आवाज दे."

"बाई, तसं करता येत नाही. कायदा आहे."

"करता येत नाही, की करायचं नाही?"

भूपालला खोटं बोलता आलं नाही. करता येत होतं. केदारच्या नळीची सगळी मापं त्याच्या वहीत होती, आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. तेवीस दिवस तो त्या एका नळीला लागला. आतले कप्पे धातूच्या छपाईयंत्रावर पुन्हा पुन्हा छापले, कुठे अर्धा मिलिमीटर घासलं, झडपांच्या फटी जुळवल्या. चाळीसच्या चाळीस खुणा जुळल्या त्या दिवशी, हे जगात दुसऱ्या कुणाला जमलं नसेल, असं त्याला वाटलं. नोंदणीच्या दिवशी त्याने नळीत बोटभर लांबीची एक पोलादी कडी सरकवली, त्यामुळे आवाज थोडा वेगळा उमटला आणि वेगळाच नोंदला गेला. घरी आल्यावर कडी काढून टाकली. पुढे दरवर्षी नोंदणीला तो हेच करायचा.

पहिल्यांदा कडी काढली त्या संध्याकाळी बाई जीपमध्ये बसल्या, इंजिन सुरू केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग रोज सकाळी रहदारी नसताना त्या एकट्याच लांबवर जाऊन येऊ लागल्या. भूपालला हे माहीत होतं आणि त्याचं समाधानही होतं.

*

घरी आल्यावर त्याने राजमतीला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं.

"सही केलीत?"

"खोटं काय आहे त्यात? आवाज तोच आहे."

"अहो, हे मला कशाला समजावताय?"

"माझ्या तोंडून बाईंचं नाव कसं घेऊ मी? आज मी जो काही आहे तो..."

"दुकान जाईल म्हणून गप्प बसायचं असेल तर तसं म्हणा," राजमती म्हणाली. "तेही मला समजेल. पण बाईंच्या नावावर घालू नका."

भूपाल उठला आणि तसाच बाईंच्या घरी गेला.

पोर्चमध्ये जीप होती, तिच्यावर कापड टाकलेलं होतं. डावीकडे कापड उचलून त्याने पाहिलं, बंपरची कड आत गेली होती. तो वर पाहतो तर बाई दारात उभ्या होत्या.

"ये आत," त्या म्हणाल्या.

टेबलावर घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं आणि वरच विलासचा फोटो. भूपालने काही विचारायच्या आत त्याच बोलल्या.

"मला वाटलं, सोडतील त्याला. त्याने काही केलेलंच नाही, तर सापडणार काय? रोज पेपर उघडताना वाटतं, आज सुटला असेल."

"चाळीस खुणा जुळल्यात, बाई. तो सुटणार नाही."

"हो. तू काम चोख केलंस."

त्यात टोमणा होता की कौतुक, हे त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही थांबला होता. अकरा सेकंद."

बाई खुर्चीत बसल्या. "घाबरले मी, भूपाल. दुसरं काही नाही. पोरांना पस्तीस वर्षं काय काय शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा पाय क्लचवरून हलेना. मग हलला तो पुढेच जायला हलला. घरी आल्यावर रुग्णवाहिकेला फोन करावा म्हणून फोन हातात घेतला. तो नंबर माझ्या नावावर आहे हे लक्षात आलं, आणि ठेवून दिला."

"बाई, उद्या चला माझ्याबरोबर."

"एकाहत्तर वर्षांची आहे मी."

"विलासचं पोर चार वर्षांचं आहे."

"तुझा परवाना जाईल. कदाचित तुलाही आत टाकतील. विचार केलास?" बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा करडा झाला, आणि लगेच पडला. "थोडे दिवस थांब. थोडे दिवस थांबशील?"

आयुष्यात पहिल्यांदाच बाई त्याच्याकडे काही मागत होत्या असं नव्हतं. मागच्या वेळी त्यांनी मागितलं ते त्याने दिलं होतं. तो उठला.

"उद्या अकराला मी ठाण्यात जाणार आहे. त्याच्या आधी तुम्ही आलात तर फार बरं होईल."



*

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊपासून ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. रस्त्याने सगळ्या विजेच्या गाड्या जात होत्या. कुठूनही इंजिनाचा आवाज आला की तो कान टवकारायचा. अकरा वाजले. सव्वाअकरापर्यंत थांबून तो आत गेला.

भोईबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मगदूमसाहेब, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय का तुम्हाला? ठसा नकली करता येतो असं एकदा कोर्टात ठरलं, तर सहा वर्षांतल्या सगळ्या केसेस उघडतील. खरे गुन्हेगारसुद्धा बाहेर येतील."

"येतील."

"आणि नुसत्या तोंडच्या शब्दावर मी विलासला सोडू शकत नाही. दुसरी जीप दाखवा. कुणाची आहे?"

शाळा सोडून चाळीस वर्षं झाली होती, तरी बाई रस्त्यात दिसल्या की भूपाल चप्पल काढून त्यांच्या पाया पडायचा. त्यांचं नाव त्याने कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं, त्याची गरजच पडली नव्हती. बाई म्हटलं की त्याच.

"प्रमिला शिंत्रे," तो म्हणाला.

दुपारी दोन्ही जीप ठाण्याच्या आवारात आणून उभ्या केल्या. बाईंनी काहीच नाकारलं नाही. हवालदार जबाब लिहून घेत होता. "सहा वाजून सात नाही, नऊ," त्यांनी त्याला दुरुस्त केलं. भूपाल चार पावलांवर उभा होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तंत्रज्ञाने आधी एक जीप सुरू केली, मग दुसरी. यंत्राने दोन्ही वेळा विलास सुतारचंच नाव दाखवलं. तंत्रज्ञाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच.

विलासला बाहेर आणलं होतं. भोईबाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी अपघाताचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. तो मान तिरकी करून ऐकत राहिला आणि मध्येच ताडकन म्हणाला, "ह्यो मी न्हवं! एवढं ताणून गिअर टाकला तर मागं रोपांचे ट्रे आडवं व्हतील माझं. मी कवाच तिसरा टाकलेला असतो. बाईसाहेब, नऊ दिस झालं, हे मला कुणी ऐकवलंच न्हाई."

खरंच ऐकवलं नव्हतं. चाळीस खुणा जुळल्यावर आरोपीला आवाज ऐकवायचा असतो, हे नियमात कुठे लिहिलेलंच नव्हतं. यंत्र गाडी ओळखायचं. ती चालवणाऱ्याचा पाय ओळखणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

*

पुढे जे व्हायचं ते झालं. विलास सुटला. बाईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि वय पाहून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. भूपालचा परवाना कायमचा रद्द झाला आणि त्याला दंड झाला. केवळ ध्वनिठशावर शिक्षा देऊ नये असा वरच्या कोर्टाचा निकाल आला, आणि राज्यभरातली तीनशेहून जास्त प्रकरणं पुन्हा उघडली. त्यांत काही निरपराध माणसं घरी परतली. साताऱ्याकडचा एक दरोडेखोरही सुटला, आणि महिन्याभरात त्याने पुन्हा एक घर फोडलं. ती बातमी भूपालने दोनदा वाचली. राजमतीने पेपर काढून घेतला.

कोर्टाच्या हुकुमाने विलासच्या जीपचीही नळी काढावी लागली. ते काम भूपालनेच कोर्टाची परवानगी काढून केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. साधी, कारखान्यातून येते तशी नळी बसवली. विलासने गाडी सुरू करून पाहिली. "चालतंय की," तो म्हणाला. त्याला एवढंच पुरेसं होतं.

भूपाल आता उसाच्या गुऱ्हाळांचे आणि पाण्याच्या पंपांचे सायलेन्सर करतो. त्याला परवाना लागत नाही. कुणी आवाजाचं विचारत नाही, कमी झाला म्हणजे झालं.

तो तुरुंगात भेटायला गेला तेव्हा बाईंनी भेट नाकारली. पुढच्या महिन्यात पुन्हा नाकारली. तिसऱ्या खेपेला त्या आल्या. वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले होते. आत बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात, असं म्हणाल्या.

"विलासच्या गाडीचा आवाज काढलास?"

"काढावा लागला, बाई."

"म्हणजे आता कुठेच नाही."

"नाही."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "भूपाल, त्या अकरा सेकंदांत तुला काय ऐकू आलं?"

"इंजिन."

"फक्त इंजिन?"

"हो. का?"

"खांबावरची यंत्रं माणसांचे आवाज गाळून टाकतात ना?"

"कायदाच आहे तसा. कुणाचं खासगी बोलणं साठवायचं नाही."

"मला वाटलंच." बाईंनी दोन्ही हात टेबलावर एकावर एक ठेवले. "तो बोलला होता. 'आक्का,' म्हणाला. 'आक्का, पाय.' दोनदा म्हणाला. त्याला वाटलं, मी उतरते आहे. त्याच्या आवाजात राग नव्हता रे. मी गिअर टाकला तेव्हासुद्धा तो तेच म्हणत होता."

ते रेकॉर्डिंग भूपालने डोक्यात शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यात बुलंद, गोल, त्याच्या हातचे ठोके होते, आणि त्या ठोक्यांच्या मध्ये कुठेच काही नव्हतं.

"कोर्टात कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याची बायको कशी आहे?"

"जातो मी अधूनमधून. फारसं बोलत नाही. शेवटी काय झालं असेल, एवढंच विचारत असते."

"तू सांगू नकोस."

"नाही सांगत."

"ते मी सांगायचं आहे. अजून अकरा महिने आहेत. तोवर मला धड राहिलं पाहिजे." त्या उठल्या, आणि जाता जाता दाराशी थांबल्या. "पुढच्या वेळी येताना इथल्या बायकांसाठी पाट्या आण. दहा-बारा आण. आणि रावसाहेब कोरेंच्या घरचा पत्ता लिहून आण, मोठ्या अक्षरात."